लाखनीचे माती भाऊजी

आमच्या लाखनीत रस्त्यात कुणी "कुठं चालले जी?" विचारलं, तर आपण "हे काय, इथंच" म्हणून पुढे सटकतो. विचारणाऱ्यालाही उत्तर नकोच असतं. आमच्या शेजारचे माती भाऊजी मात्र स्कूटर कडेला घेतात, बंद करतात, हेल्मेट काढतात आणि सांगतात, "मी बाजाराले चालली. वांगे घेते, मंग दाढी कोरून येते!"

गोंधळून जाऊ नका. भाऊजी म्हणजे मक्याच्या कणसाच्या केसांसारखी दाढी असलेला, दारातून वाकून येणारा फिनलंडचा माणूस. खरं नाव मात्ती. शेजारची सुजाता तिकडे शिकायला गेली आणि दोघांचं जमलं. "माझी आई एकटी आहे, मी परत जाणार," असं तिने सांगितलं, तर हा म्हणाला, "मग मीच येतो." आणि आला की हो! "पोरीनं माती खाल्ली," असं लग्नात कुणीतरी पुटपुटलंच. पण वर्षभरात तेच लोक भाऊजींना जेवायला बोलवू लागले.

कॉम्प्युटरवरचं काम ते माडीवर बसून करतात. उरलेला वेळ सासूबाईंच्या, म्हणजे सुमनबाईंच्या स्वयंपाकघरात. मराठी तिथेच शिकले, त्यामुळे 'मी आली, मी गेली'. पानठेल्यावरच्या मंडळींनी 'मी आलो, मी गेलो' घोकून घेतलं. पण भाऊजींना आनंद झाला की क्रियापदं पुन्हा सासूबाईंच्या वळणावर जातात. आणि आनंद तर त्यांना सदाचाच.

मे महिन्यात आम्ही कूलरपुढून हलत नव्हतो, तेव्हा हे डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून अंगणात उभे!

"भाऊजी, आत जा नं! काहून मरून राहिले उन्हात?"

"काकू, आमच्याकडे लोकं मुद्दाम तापवलेल्या खोलीत जाऊन बसते. इथं अख्खं गाव तापवलेलं! मस्त आहे बा!"

एकदा मी विचारलंच, की रस्त्यात सगळ्यांना एवढं सविस्तर कायले सांगता?

"आमच्याकडे शेजाऱ्याचं दार वाजलं, तर मी आतच थांबत होती. तो गेला की निघत होती. बोलावं लागू नये म्हणून. इथं सगळे इच्चारते, काकू!"

सुजाताचे दिवस भरले तेव्हा आम्ही तिला भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. दुपार गेली, तरी आतून काही कळेना. मग डॉक्टरीणबाई येऊन म्हणाल्या, ऑपरेशन करावं लागेल. सुमनबाईंच्या पदराचं टोक मुठीत धरून भाऊजी बाकावर बसून राहिले. सुमनबाईंनाही काही सुचत नव्हतं, पण पदर त्यांनी सोडवून घेतला नाही.

शेवटी नर्स बाहेर आली. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या.

"मी बाप झाली!" भाऊजी ओरडले.

बाकांवर बसलेली सगळी ओळ हसली. भाऊजींनी चौकीदाराला मिठी मारली आणि दिसेल त्याला "जय भीम!" करत सुटले.

मायलेकी घरी आल्या त्या संध्याकाळी मी बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू घेऊन गेले. सुजाता झोपली होती. ओसरीत भाऊजी बाळाला घेऊन बसले होते आणि हलक्या आवाजात, न थांबता तिच्याशी बोलत होते. मला आणि शेजारी उभ्या सुमनबाईंना एक शब्द कळेना. इतका गोड आवाज त्यांच्याकडे आहे, हेही आजवर कळलं नव्हतं.

"काय सांगून राहिले, जवाईबापू?" सुमनबाईंनी विचारलं.

"काहीबी, आई. इथं माह्या भाषेत बोलाले कोणी नव्हतं. सुजाताले दहा-बारा शब्द येते. आता हे पोरगी शिकन."

"फोनवर बोलता नं तुमच्या आईसंग?"

"बोलतो. पण फोन ठेवला की घरात भाषा संपते."

सुमनबाई खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "'झोप' कसं म्हणता तुमच्यात?"

"नुकु."

सुमनबाई बाळावर वाकल्या. "नुक्कू, माय माही, नुक्कू."

भाऊजी हसले. "नुकु, आई. नुकु."

"हो हो, तेच. नुक्कू."

भाऊजींनी मग दुरुस्त केलं नाही. मान वळवून ते अंगणाकडे बघत राहिले. मी लाडवांचा डबा ठेवला आणि आवाज न करता घरी आले.