बसऱ्याचे नाना आणि बर्फातली कोंबडी

समोर कोंबडी फडफडतेय, धरणाऱ्याच्या मनगटावर चोची मारतेय, सगळी आळी ऐकेल एवढ्यानं ओरडतेय, आणि एक गृहस्थ तिच्या पंखाखाली हात घालून गंभीरपणे विचारतायत, "बर्फातली तर न्हाई ना?" असं दृश्य तुम्ही कुठं पाहिलं नसेल. आम्ही भोरकर ते दर आखाडात पाहत होतो. हे गृहस्थ म्हणजे आमचे शेजारी सखारामनाना. गाव त्यांना 'बसऱ्याचे नाना' म्हणे.

आता खरं सांगायचं तर त्या काळी भोरात बर्फ असा नव्हताच. जत्रेत कुल्फीवाला येई, त्याच्या हंड्यात दिसेल तेवढाच. कोंबड्या मिळत त्या पाय बांधलेल्या, जिवंत, आणि गिऱ्हाइकासमोर कापून मिळत. बर्फात ठेवलेली कोंबडी कुणाला विकायची म्हटली तरी ती ठेवणार कुठं? पण हा हिशेब नानांना पटवायला जाण्यात अर्थ नव्हता. मी एकदा गेलो होतो. "मास्तर," ते म्हणाले, "तुमी शाळंत शिकिवता. म्या बसऱ्यात बगितलंय."

पहिल्या जर्मन लढाईत नाना पलटणीबरोबर बसऱ्याला, म्हणजे पार इराकात गेले होते. आमच्या भागातले असे बरेच जण जाऊन आले. कुणी तोफांच्या गोष्टी सांगत, कुणी उपासमारीच्या. नानांच्या लढाईत तोफ एकदाही उडाली नाही. त्यांची नेमणूक होती बंदरावर, गोऱ्या सोल्जरांसाठी बोटीतून येणारं गोठवलेलं मांस उतरवून घ्यायला. दगडासारखी बकरी आणि लाकडासारख्या कोंबड्या त्यांनी खांद्यावर वाहिल्या. "वरसामागं मेल्यालं जनावर, पर दिसतंय कसं, तर आत्ताच डोळा लागल्यावानी," असं ते सांगत, तेव्हा त्यांच्या अंगावर खरोखर काटा येई. एका गोऱ्या भटाऱ्यानं त्यांना त्यातलं खाऊ घातलं. तेव्हापासून जगातल्या प्रत्येक कोंबडीविषयी नानांच्या मनात संशय बसला, तो काही केल्या उठला नाही.

आखाडाचा शेवटचा रविवार आला की या संशयाला भरतं येई. पुढं श्रावण. महिनाभर घरात सामिष शिजायचं नाही, म्हणून त्या दिवशी भोरातली झाडून सगळी खाणारी घरं हातघाईवर येत. पहाटेपासून पाट्यावर मसाला वाटल्याचा आवाज, खोबरं भाजल्याचा वास. मला तर त्या दिवशी दात घासतानाच भूक लागे. आणि बाबू मुलाण्याच्या दारात ही गर्दी. आमच्याकडं मान कापायचा मान मुलाण्याचा. तो बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवी, मगच बायका ते चुलीवर चढवीत. गर्दीच्या मधोमध उंच, काटकुळे नाना, डोक्याला पलटणीतला जुना मफलर. लोक मुद्दाम आपली कोंबडी त्यांच्यापुढं धरत. नाना तिची पापणी उलटून बघत, तुऱ्याला चिमटा काढत, पोटाला कान लावत. एकदा एक कोंबडा त्यांच्या हातातून निसटला आणि थेट राजवाड्याच्या बाजूला पळत सुटला. नाना शांतपणे म्हणाले, "पळतोय म्हंजे ताजा असंच न्हाई." बाबू मुलाणी एरवी मोठा हजरजबाबी माणूस, पण त्यानं सुरी खाली ठेवून नुसते हात जोडले.

नानांच्या तोंडून 'ताजी हाय' हे शब्द कुणी कधी ऐकले नाहीत. फारच मेहेरबानी झाली तर "खावा, मरत न्हाई" म्हणत.

नानांची लेक हौसा लहान असतानाच तिची आई गेली. एकुलती एक पोर. नानांनी दुसरं लग्न केलं नाही. पोरीला न्हाऊ घालणं, भाकरी थापणं सगळं स्वतः केलं, आणि वेणीला रिबीन नसली की पलटणीतल्या बुटाची नाडी बांधून तिला शाळेत पाठवली. तिथं ती माझ्याच हाताखाली शिकली. पुढं तिला मार्गासनीला दिली. घर चांगलं, भाताची खाचरं स्वतःची, जावई अबोल पण कष्टाळू. पहिल्या वर्षी नव्या सुनेनं आखाडात माहेरी राहायचं, हा रिवाजच आहे, तेव्हा ती येऊन राहिली. मी सांगतोय ते दुसऱ्या वर्षाचं. आता रिवाजाची गरज नव्हती. तरी नाना स्वतः जाऊन "आठ दिसांसाठी" म्हणून तिला घेऊन आले, आणि जवळजवळ सगळा आखाड झाला तरी आठ दिवस संपेनात.

शेवटी त्या रविवारी सकाळी जावईच येऊन थडकला. लावणी अर्धी राहिली होती, त्याची आई एकटी पडली होती. भोरहून दुपारच्या मोटारीनं नसरापूर, तिथून बैलगाडीनं मार्गासनी, असा त्याचा बेत. नानांनी त्याला पाणी दिलं, गूळ दिला, आणि सांगून टाकलं की आखाडाची कोंबडी जावयाला खाऊ घातल्याशिवाय पोर उंबऱ्याबाहेर पडणार नाही, तशी आपल्या घराची रीत आहे. जावई म्हणाला, "तर मंग आणू की." त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक.

मी आणि जावई नानांबरोबर मुलाण्याकडं गेलो. पहिली कोंबडी नानांनी नाकारली, कारण ती फार गप्प होती. दुसरी नाकारली, कारण "लई वरडती, काय तरी लपवतीया." तिसरीचा तुरा फिका निघाला. चौथीचा फार लाल निघाला, म्हणजे रंग दिला असणार. आम्ही नाकारलेली कोंबडी मागचं गिऱ्हाईक झडप घालून नेत होतं. बघता बघता कोंबड्यांच्या पाट्या रिकाम्या झाल्या. माझ्या स्वतःच्या घरची कोंबडी तेवढी मी हुशारीनं आधीच कापून घेतली होती. जावई एकदा माझ्याकडं, एकदा नानांकडं बघत उभा. बाबू मुलाण्यानं शेवटची पाटी उपडी करून दाखवली, तेव्हा नाना म्हणाले, "झालं म्हंजे. आवंदा कोंबडीच न्हाई."

आणि हे म्हणताना ते खूश दिसले. मला चमत्कारिक वाटलं. वाटेत ते जावयाला समजावत होते, की दोन दिवसांवर अवस आली, अवसेला कुणी लेक पाठवत नाही. मग श्रावण. मग पंचमी तोंडावर, पंचमी माहेरीच करावी. मग काय, गौरी येतीलच. घरी पोचलो तर अंगणातल्या आंब्याला नवाकोरा कासरा टांगून झोका बांधलेला. पंचमीचा झोका, आखाडात! तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हाताऱ्याला कोंबडीत खोट सापडत नव्हती, तो खोट शोधत होता. मला हसूही आलं आणि त्या झोक्याकडं बघवेनाही.

हौसानं गाठोडं बांधून ठेवलं होतं. जावयाचा पडलेला चेहरा बघून तिला सगळं कळलं. बापाला ती ओळखून होती. नाना ओसरीवर जावयाला बसरा सांगायला बसले, तेव्हा तिनं मला परसात बोलावलं.

"मास्तर, बाबूभाईकडं काय बी ऱ्हायलं आसंल का? कसलं बी चालंल. घरी आत्याबाई एकट्याच चिखलात हायती. मला गेलं पायजे."

मी उलट पावली बाबूकडं गेलो. त्यानं आधी नाहीच म्हटलं. मग इकडं तिकडं बघून मला आत नेलं. कोपऱ्यात भुसा भरलेली एक लाकडी पेटी. गावाजवळच्या धरणाच्या बंगल्यावर साहेब लोकांची मेजवानी होती. त्यांच्या खानसाम्यानं मोटारीनं पुण्याहून बर्फ आणवला होता, आणि कोंबड्या आदल्या दिवशीच कापून, बर्फ-मीठ घालून कुल्फीसारख्या दाबायला लावल्या होत्या. पावसानं साहेब आलेच नाहीत. एक कोंबडी उरली होती. वर्षानुवर्षं नाना ज्या कोंबडीच्या मागावर होते ती अखेर भोरात येऊन पोचली होती, आणि दगडासारखी टणक होती.

बाबू कळवळून म्हणाला, "मास्तर, ही नानांच्या घरात न्हिऊ नगा. इतकी वरसं म्या आन घिऊन सांगतोय. आज माजी आब्रू जाईल."

मीही घाबरलोच होतो. पण हौसानं ती पाहिली, पाण्यात टाकली, आणि पदर खोचून मसाला वाटायला बसली. मोटारीची वेळ जवळ येत चाललेली. चूल फुंकून तिचे डोळे लाल झाले. तिनं मिरची हात सैल सोडून घातली, आलं-लसूण घातलं, खोबरं काळं होईपर्यंत भाजलं. वास ओसरीपर्यंत गेला तसा बसरा मधेच थांबला.

"कुटली कोंबडी म्हनायची ही?" नानांनी विचारलं.

"बाबूभाईकडं एक मागं ऱ्हायली हुती," हौसा आतूनच म्हणाली.

पानं मांडली. मलाही बसवलं. जावयानं घास उचलायच्या आधी नानांनी हात आडवा केला. परीक्षा झाल्याशिवाय त्या घरात कुणी घास घेत नसे. हौसानं तंगडी त्यांच्या ताटात वाढली आणि तिथंच भिंतीला टेकून उभी राहिली. मी माझ्या ताटातला तुकडा हळूच उलटून पाहिला. हाड काळं पडलं होतं. ताज्या कोंबडीचं हाड शिजल्यावर असं होत नाही, गोठवलेल्याचं होतं, हे नानांच्या तोंडून ऐकून ऐकून आळीतलं शेंबडं पोरही ओळखेल, मग नाना तर बसऱ्याचे.

नानांनी तंगडी मोडली. हाडाकडं बघितलं. एक घास घेतला आणि तो ते चावत राहिले, चावत राहिले. मग त्यांनी मान वर करून हौसाकडं पाहिलं. ती हिरवं लुगडं नेसून, कुंकू लावून तयार होती, आणि तिचे डोळे बापाकडं नव्हते, दाराजवळ ठेवलेल्या गाठोड्याकडं होते. नानांनी भाकरीचा तुकडा मोडून त्या हाडावर ठेवला.

"ताजी हाय," ते म्हणाले. "वाढ पावन्यास्नी."

मी आयुष्यात बरीच जेवणं जेवलो, पण तो रस्सा मला अजून आठवतो, कारण मी त्यात भाकरी नुसती कुस्करत बसलो होतो. जावई मात्र मान खाली घालून दोन माणसांचं जेवला. नानांनी त्याला आग्रह करकरून वाढलं.

मोटारतळावर आम्ही सगळे गेलो. ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. जावई वर चढला. हौसा बापाच्या पाया पडली, उठली, आणि तिला राहवेना.

"नाना, ती बर्फातली हुती."

"म्हाईत हाय," नाना म्हणाले. "चल, बस वर. गुंजवणी नदीला पानी चढायच्या आत घरी पोचा."

तिनं तोंडाला पदर लावला. मोटार निघाली, वळणाआड गेली, आवाजही गेला, तरी नाना तिथंच उभे. मी म्हटलं, आता श्रावण लागेल, आता तुमच्या तपासणीला महिनाभर सुट्टी.

"व्हय," नाना म्हणाले. मग माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "मास्तर, सांजच्याला जेवाय येता का? रस्सा उरलाय. एकट्याच्यानं संपायचा न्हाई."

घरी माझी ताजी, स्वतःच्या डोळ्यांदेखत कापून घेतलेली कोंबडी शिजून तयार होती. मी येतो म्हणालो.