ही चाचणी प्रत आहे

लायलने गुडघ्यांपायी ड्रम सोडले आणि थंडीपायी विस्कॉन्सिन सोडलं, तेव्हा क्लेटस व्हावराच्या पोल्का नाचाच्या बँडमध्ये दोनच माणसं उरली. अकॉर्डियनवर स्वतः क्लेटस आणि ट्यूबा या भल्यामोठ्या पितळी तुतारीवर नॉर्ब. क्लेटसची बायको लोरेटा व्हॅन चालवायची, स्पीकर उचलायची, वायरी गुंडाळायची आणि नाच संपेपर्यंत कोट टांगायच्या खोलीत विणत बसायची. पण तिला बँडमध्ये कुणी धरत नसे.

चर्चच्या हॉलमध्ये दर शुक्रवारी तळलेल्या माशांचं जेवण आणि त्यावर नाच असतो. क्लेटसचा बापही तिथेच वाजवायचा. हॉलचा कारभार डोलोरेस स्टांगल हिच्या हातात होता, आणि त्याच हातात बहुतेक वेळा मासे उलटायचा चिमटाही असायचा.

"ड्रमशिवाय कसला पोल्का, क्लेटस?" ती चिमटा रोखून म्हणाली. "काल लोक नाचत होते की बसायला जागा शोधत होते, मला कळेना. येत्या शुक्रवारी ठेका ऐकू आला पाहिजे. नाहीतर माझा भाचा आहेच. तो सगळं डब्यातून वाजवतो."

हा शुक्रवार गेला असता तर क्लेटसकडे अकॉर्डियन उरलं असतं, पण ते काढायला जागा उरली नसती. भाचा डब्यातून वाजवतो, तर आपणही ड्रम डब्यातून काढायचे, असं त्याने ठरवलं. घरात एक जुना लॅपटॉप होता. त्यावर क्लेटस पत्ते खेळायचा आणि हरायचा. संगणकाच्या पडद्यावर चौकटी असतात, हव्या त्या चौकटीत ठोका ठेवला की तो तिथे वाजतो, असं सॉफ्टवेअर मिळतं हे त्याने ऐकलं होतं. ते स्वस्त हवं, एवढी एकच अट त्याने घातली. ती विकणाऱ्यांपैकी कुणालाच मान्य नव्हती.

पुढचा आठवडाभर तो व्हॅनमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन सॉफ्टवेअर निवडत होता, कारण बँडचं काम बँडच्या गाडीतच करायचं असा त्याचा नियम होता. लोरेटा त्याला दुकानात, दवाखान्यात आणि तिच्या बहिणीकडे फिरवत होती.

"हे एक चांगलं दिसतंय," तो म्हणाला. "पण याची किंमत आपल्या व्हॅनपेक्षा जास्त आहे."

"आपल्या व्हॅनपेक्षा तिचे टायरसुद्धा महाग आहेत. दुसरं बघ."

"दुसऱ्याला दर महिन्याला भाडं द्यायचं. ड्रमला भाडं? लायल तर दोन बिअरमध्ये यायचा."

"तिसरं?"

"तिसरं म्हणतंय, आधी नवीन लॅपटॉप घ्या."

"मग घे ना एखादं आणि सोडव मला! बहिणीकडे तीनदा जाऊन आले, तिला वाटतंय मी घर सोडलं."

अखेर सापडलं. चाचणीसाठी फुकट! त्यात एकच उणीव होती. केलेलं काम जपून ठेवता येत नव्हतं. बंद केलं की सगळं पुसलं जाणार. खाली बारीक अक्षरात आणखीही काही लिहिलेलं होतं, पण बारीक अक्षरं वाचायची नाहीत हे क्लेटसचं जुनं धोरण होतं.

शुक्रवारी दुपारी हॉलकडे जाताना त्याने गाडीतच ठोके बसवायला घेतले. रस्ता थंडीने उखडलेला होता. प्रत्येक खड्ड्याला त्याचं बोट घसरायचं आणि झांज भलत्याच चौकटीत जाऊन पडायची.

"अगं हळू! झांज तीनदा वाजली!"

"वाजू दे. लायलचीही वाजायची. तो खड्ड्यात नव्हता तरी."

हॉल आला तेव्हा पोल्का तयार होता, पण लॅपटॉपचं झाकण मिटायची सोय नव्हती. शिवाय बाहेरच्या थंडीत त्याची बॅटरी मान टाकायची. म्हणून क्लेटसने उघडा लॅपटॉप कोटाच्या आत घेतला, बटणं लावली, आणि पोट दोन्ही हातांनी सांभाळत बर्फावरून पाऊल पाऊल टाकत तो दारापर्यंत आला. दारात नॉर्ब उभा होता.

"कितवा महिना रे?" नॉर्बने विचारलं.

पहिला पोल्का सुरू झाला. ठेका ठणठणीत होता. लोक मासे सोडून उठले आणि क्लेटसचा जीव भांड्यात पडला. गाडीत त्याने सगळं तुकड्यातुकड्याने ऐकलं होतं. सलग मिनिटभर कधीच नाही. ते मिनिट आता भरलं. स्पीकरमधून एका बाईचा सपाट, शांत आवाज हॉलभर घुमला.

"ही चाचणी प्रत आहे. आवडल्यास कृपया विकत घ्या."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. या हॉलमध्ये जोडीबदलाचा नाच चालतो. नाचता नाचता लायल मध्येच शिट्टी मारायचा, आणि शिट्टी झाली की पुरुषांनी हातातली बाई सोडून पुढच्या बाईकडे जायचं. लायल गेला आणि शिट्टीही गेली, पण लोकांचे कान तिची वाट बघत होते. एमेट नावाचा एक विधुर गृहस्थ दोन शुक्रवार आपल्या मेव्हणीच्याच हातात अडकला होता. त्याने क्षणाचाही विचार केला नाही. मेव्हणीला सोडून तो पुढे सरकला. त्याच्या पुढचा पुढे सरकला, आणि बघता बघता सगळं रिंगण एक घर पुढे गेलं.

मिनिटामिनिटाला ती बाई बोलत होती आणि मिनिटामिनिटाला माणसं बदलत होती. नव्या जोडीदाराचा हात हातात येतो न येतो तोच 'आवडल्यास विकत घ्या' कानावर पडायचं, त्यामुळे हॉलमध्ये नुसता हशा पिकला. एक बाई कमी पडली तेव्हा एमेटने डोलोरेसला चिमट्यासकट ओढलं. नवरा गेल्यापासून ती नाचली नव्हती.

"आवडल्यास कृपया विकत घ्या," आवाज म्हणाला.

"घेतलं असतं," एमेट म्हणाला, "पण पाकीट घरी राहिलं."

"चल, चावट!" असं म्हणून डोलोरेस इतकी लाजली की तिकडे मासे करपले.

नाच संपल्यावर ती म्हणाली, "पुढच्या शुक्रवारीही असंच वाजव, मग वर्षभराचं पक्कं करून टाकू."

क्लेटसला यातलं शेवटचंच ऐकू आलं. बापाच्या हॉलमध्ये आपल्या संगीताच्या मधोमध एक परकी बाई दुकान मांडून बसते, याची त्याला मनापासून लाज वाटत होती. शिवाय दर आठवड्याला पोटुशी चाल चालणं त्याला शक्य नव्हतं. त्याने आयुष्यात क्वचित केलेली गोष्ट केली. खिशात हात घातला आणि सॉफ्टवेअर विकत घेतलं. लोरेटाने गाडी बाजूला घेऊन तो क्षण नीट पाहिला.

पुढच्या शुक्रवारी तो झाकण मिटलेला लॅपटॉप काखेत मारून ऐटीत आत शिरला. पोल्का सुरू झाला. मिनिट झालं, दोन झाली. कुणीच बोललं नाही. माणसं आपापल्या जोडीदाराच्या हातात गोल गोल फिरत राहिली आणि स्पीकरकडे बघत राहिली. एमेटच्या हातात पुन्हा मेव्हणी होती. गाणं संपताच डोलोरेस मंचापाशी आली.

"ती बाई कुठे आहे?"

"काढली," क्लेटस अभिमानाने म्हणाला. "पैसे भरून."

"पैसे भरून काढली? अरे, तुझ्या बँडमध्ये ऐकण्यासारखी तेवढी एकच होती!"

क्लेटसने घाईघाईने लॅपटॉप उघडून चाचणी परत मागितली. लॅपटॉपने त्याचे आभार मानले आणि आपण आता कायमचे मालक आहात असं कळवलं. नॉर्बने कुठूनशी शिट्टी आणली, पण ट्यूबा आणि शिट्टी एकाच तोंडाला झेपेनात. क्लेटसने शिट्टी मारली तर त्याचं अकॉर्डियन ठेक्याच्या पुढे पळालं.

"शिट्टीला काय करायचंय?" एमेट ओरडला. "शिट्टी 'आवडल्यास' म्हणते का?"

लोक कोट घ्यायला निघाले. डोलोरेसने भाच्याला लावायला फोन काढला. बाप वाजवायचा त्या मंचावर क्लेटस नुसता उभा होता आणि रडायच्या बेतात होता.

कोटांच्या खोलीचं दार उघडलं. लोरेटा विणकाम काखेत धरून बाहेर आली, मंचावर चढली आणि तिने मायक्रोफोन आपल्या उंचीला आणला.

"वाजवा," ती म्हणाली.

त्यांनी वाजवलं. मिनिट भरलं तसं, सुयांवरची नजर न हलवता, सपाट आणि शांत आवाजात तिने सांगितलं, "ही चाचणी प्रत आहे. आवडल्यास कृपया विकत घ्या." हॉलमध्ये जल्लोष झाला. एमेट मेव्हणीला सोडून इतक्या वेगाने पुढे गेला की मधली दोन माणसं चुकली आणि तो थेट डोलोरेसपाशी पोचला. डोलोरेसने फोन खिशात टाकला. वर्षभराचं तिथल्या तिथे पक्कं झालं.

रात्री स्पीकर व्हॅनमध्ये चढले. नेहमीसारखे लोरेटानेच चढवले. क्लेटस फार खुशीत होता.

"काय बोललीस गं! अगदी तिच्यासारखं. आता दर शुक्रवारी तूच बोलायचंस. वायरी गुंडाळून झाल्या का?"

लोरेटाने त्याच्याकडे पाहिलं. मग हॉलमध्ये लावला होता तोच आवाज लावला.

"चाचणीचा काळ संपला आहे," ती म्हणाली.

तिने व्हॅनची किल्ली त्याच्या हातावर ठेवली, न गुंडाळलेल्या वायरींचा ढीग त्याच्या पायाशी टाकला, आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारच्या सीटवर जाऊन बसली. क्लेटस बर्फात वाकून वायरी गुंडाळू लागला.