मणेराच्या हातचा निरोप

सन चव्वेचाळीसची गोष्ट. निजामाचं राज्य होतं, तिकडं लढाई चालू होती, साखर कंट्रोलवर मिळत होती आणि तेरखेड्याच्या गिरिजाबाईंची सून नीलव्वा सातव्या महिन्यात होती. पहिलंच डोहाळजेवण. चाळीस बायकांना आवतण गेलं होतं आणि गिरिजाबाईंचा जीव टांगणीला लागला होता, कारण त्या चाळिसांत शेजारची शांताक्का होती. शांताक्का कुणाकडं जेवली, की त्या घरची आमटी पुढं आठ दिवस गावभर पातळ होत जायची.

त्या भागात रीत अशी, की पाट सासरचा, हिरवं लुगडं माहेरचं आणि जेवणाचा खर्च निम्मा-निम्मा. पण 'निम्मा' हा शब्द तोंडावर काढायचा नाही. तो काढणं म्हणजे समोरच्याची ऐपत काढणं. मधल्या माणसाकरवी नुसतं सुचवायचं. गिरिजाबाईंचा मधला माणूस म्हणजे दादामियाँ मणेर. बांगड्यांचे तोडे खांद्यावर टाकून तो थेट ईटच्या बाजारापर्यंत जाई आणि नीलव्वाचं माहेर ईटलाच होतं.

लग्नात विहिणीनं, म्हणजे रुद्रम्मानं, मानाची लुगडी हलकी दिली होती. ते गिरिजाबाई विसरल्या नव्हत्या.

"दादामियाँ, ईनबाईस्नी सांगा, पोरगी तुमची, पयली खेप तुमची. पुरणाची डाळ आन् गूळ तुमच्याकडनं येऊ द्या. लग्नावानी हात आखडू नगा म्हणावं. भात, तूप, भाज्या आमी बघू."

दादामियाँनं मान डोलावली आणि तो गेला. आठ दिवसांनी परत आला तो हसतच. रुद्रम्मा लई खूश झाल्या, म्हणाला. ईनबाईंनी चूलसुद्धा पेटवायची न्हाय, समदं जेवण गाडीत घालून आणते, असा त्यांचा निरोप होता.

गिरिजाबाई वरमल्या. आपण त्या बाईला उगीच कंजूष समजलो, असं त्यांना मनापासून वाटलं. भातासाठी निवडायला काढलेले तांदूळ त्यांनी परत डब्यात ओतले, पोळ्या लाटायला येणाऱ्या बाईला नको म्हणून सांगितलं आणि नवऱ्याला, शिवप्पांना, दोन दिवस ऐकवलं की व्याही असावेत तर असे.

ठरल्या दिवशी दुपारी ईटची गाडी दारात आली. रुद्रम्मा उतरल्या, पाच बायका उतरल्या, हिरवं लुगडं उतरलं, फुलांची पाटी उतरली. बस. गिरिजाबाईंनी गाडीत वाकून पाहिलं. आत कडबा होता. तेवढ्यात रुद्रम्मांनीही उंबऱ्यात थांबून दोनदा नाक वर केलं. तळणाचा वास नाही, पुरणाचा नाही, साध्या फोडणीचासुद्धा नाही.

"दमला असाल," गिरिजाबाई म्हणाल्या. "दुसरी गाडी मागनं येतीया व्हय?"

"दुसरी कसली?" रुद्रम्मांनी आवाज खाली घेतला. "तुमीच सांगितलं की, नुसतं लुगडं घेऊन या, बाकी एक दाणा आणला तर आमचा अपमान हुईल."

दोघींनी एकदमच ओसरीकडं पाहिलं. तिथं दादामियाँ नीलव्वाच्या हातात हिरवा चुडा भरत होता. तीस वर्षांत ज्याच्या हातून कुणाच्या मनगटाला ओरखडा गेला नव्हता, त्या दादामियाँनं त्या क्षणी दोन बांगड्या कडकन वाढवल्या.

आत चाळीस बायका पंगतीला मांडी घालून बसल्या होत्या. पत्रावळी मांडून झाल्या होत्या, पाणी वाढून झालं होतं. शांताक्का मान लांब करून सैपाकघराकडं बघत होती.

"गिरिजाक्का, चूल गार कशी गं तुझी?"

पायाखालची भुई फाटावी, असं गिरिजाबाईंना झालं. तेवढ्यात ओसरीवरून नीलव्वा उठली. दोघी विहिणींची कुजबुज तिनं ऐकली होती. चुडा सावरत ती आत आली.

"म्याच पेटवू दिली न्हाय," ती म्हणाली. "पुरणाचं नाव काढलं तरी मळमळतंय मला. शांताक्का, तुमच्या हातच्या शेंगोळ्यांचे डोहाळे लागलेत. कुणापाशी बोलावं, लाज वाटत व्हती."

शांताक्का तीनताड उडाली. "माज्या हातचे?" म्हणत ती पदर खोचून घरी पळाली. पोटुशीनं मागितलेलं न देणं हे पाप, आणि एकट्या शांताक्कानंच देणं हे बाकीच्यांना सोसणारं नव्हतं. मग कुणी अंबाडीची भाजी आणली, कुणी कारळाची चटणी, कुणी ताकातल्या कण्या. भाकरींची चळत कमरेएवढी झाली. दादामियाँची बायको हमिदाबी पदरात गाभुळलेल्या चिंचा घेऊन आली, त्या नीलव्वानं सगळ्यात आधी खाल्ल्या. आणि शांताक्काला त्या जेवणाला नाव ठेवता येईना, कारण ताटातला मुख्य पदार्थ तिचाच होता.

दिवे लागायच्या आधी दोघी विहिणींनी दादामियाँला दाराशी गाठलं आणि खरे निरोप काय होते ते विचारलं.

"आक्का, काचेचा धंदा हाय माझा," तो म्हणाला. "काच न् निरोप, जोरात दाबलं की हात कापतो. म्या जरा मऊ करून घातलं."

"पर ईनबाई म्हणाल्या तरी काय व्हत्या?" दोघींनी एकदमच विचारलं.

"ते वाटंत सांडलं," म्हणून त्यानं तोडे खांद्यावर टाकले.

नीलव्वाला मुलगी झाली. गावात पुढं कितीतरी वर्षं डोहाळजेवणाला प्रत्येकीनं घरून एक पदार्थ नेण्याची चाल पडली आणि ती आपणच पाडली, असं शांताक्का मरेपर्यंत सांगत होती. पोलीस ॲक्शनच्या दिवसांत दादामियाँ आणि हमिदाबी गिरिजाबाईंच्या धान्याच्या कोठीत बारा दिवस लपून होते. शांताक्काला ते ठाऊक होतं, शेंगोळ्यांचं पातेलं रोज मागच्या दारानं तीच आणून देई, आणि आयुष्यात तेवढी एक गोष्ट तिच्या तोंडून बाहेर पडली नाही. दादामियाँ पुढं म्हातारा होऊन आपल्या घरी, आपल्या अंथरुणावर गेला. त्याच्या मागं गावातल्या बायका बरेच दिवस म्हणायच्या, की आताच्या बांगड्या भरताना टोचतात.

नीलव्वाच्या मुलीचं डोहाळजेवण आलं तेव्हा दोघी विहिणींचे केस पांढरे झाले होते. शेंगा फोडत बसल्या असताना गिरिजाबाईंनी आपला जुना निरोप शब्दन् शब्द सांगितला, हात आखडण्यासकट. रुद्रम्मा हसत हसत म्हणाल्या, "माझा ऐका. दादामियाँनं तुमचा निरोप सांगायच्या आधीच म्या म्हणलं व्हतं, डाळ धाडते, पर लेकीला मोजून घे म्हणावं, सासूच्या हाताला चिकटायची सवय दिसती."

गिरिजाबाईंना हसून हसून ठसका लागला. पाणी पिऊन त्यांनी डोळे पुसले.

"आता या जेवणातल्या माहेरच्या वाट्याचं कसं करायचं, ईनबाई? सांगायला दादामियाँ तर न्हाय."

"निम्मं-निम्मं," रुद्रम्मा तोंडावर म्हणाल्या आणि फोडलेल्या शेंगांचं सूप त्यांनी दोघींच्या मधोमध सरकवलं.