दोन उभ्या रेघा

आमच्या मंडळाने वेबसाइट काढायचे ठरवले, तेव्हा कार्यकारिणीत वेबसाइट पाहिलेला माणूस एकही नव्हता. त्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला.

नव्वदचे दशक संपत आले होते. वाई सोडून पुण्या-मुंबईला, मस्कतला, अमेरिकेला गेलेल्यांना गावाच्या बातम्या कळाव्यात, हा हेतू. (गावात राहिलेल्यांना त्या कळतातच, नको असल्या तरी.) साइट माझ्या मुलीने, ज्ञानदाने, करून दिली. ती पुण्यात एका कंपनीत प्रोग्राम लिहिते.

"बाबा, लोक ई-मेलनं मजकूर पाठवतील आणि तो आपोआप साइटवर चढेल," ती म्हणाली. "पण ठळक काय, शीर्षक कुठलं, हे प्रोग्रामला कळायला हवं. सगळ्यांना एचटीएमएल शिकवत बसण्यापेक्षा काही सोप्या खुणा ठरवा. कुणालाही टाईप करता येतील अशा."

हे काम माझ्याकडे येणे साहजिक होते. मी मंडळाचा चिटणीस, आणि पोटापाण्यासाठी मुद्रितशोधक. इतरांच्या लिखाणावर खुणा करण्यातच माझा जन्म गेला. मी उत्साहाने यादी केली आणि सभेपुढे ठेवली.

"ठळक शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदणी," मी वाचले.

"नको," आमचे अध्यक्ष मधुकरराव म्हणाले. "माझ्या नावाला चांदणी लागली तर लोक खाली तळटीप शोधतील. उगाच चौकशीला आमंत्रण."

"मग दोन्ही बाजूंना खालची रेघ?"

"ते 'रिकाम्या जागा भरा' वाटतं. अध्यक्षपद काय रिकामं आहे?"

तास गेला. शेवटी चांदणीच मंजूर झाली. अट एवढीच, की मधुकररावांचे नाव चांदणीशिवायही ठळक दिसावे. ज्ञानदाने तशी सोय केली. त्या सबंध प्रोग्राममधला सर्वांत अवघड भाग तोच होता, असे ती सांगते.

उरली निधनवार्ता. तिच्याबद्दलचा आग्रह मात्र माझा होता. आदल्या वर्षी विनोदिनी, माझी पत्नी, गेली. वर्तमानपत्रात तिची बातमी चौकटीशिवाय आली; वर निविदा, खाली बोअरवेलची जाहिरात. वाचताना मी आधी बोअरवेलचे दर वाचले होते. तेव्हा आमच्या साइटवर तरी गेलेल्या माणसाला नीट काळी चौकट मिळावी, असे मला वाटे.

"मजकुराच्या सुरुवातीला दोन उभ्या रेघा आल्या, की सगळ्याला काळी चौकट," मी ज्ञानदाला सांगितले. "फोटो असला तर तोही काळा-पांढरा. आणि खाली आपोआप ओळ: 'कुटुंबीयांच्या दुःखात मंडळ सहभागी आहे.'"

"बाबा, एरवी कोणी मजकुराची सुरुवात दोन उभ्या रेघांनी करत नाही ना? नीट आठवा."

"कोण करतंय? मी रोज प्रुफं वाचतो," मी म्हणालो.

(वाचकांपैकी काहींच्या लक्षात आले असेल. माझ्या आले नाही.)

आता ज्ञानदाच्या लग्नाकडे येतो. मुलगा पलूसचा, राजवर्धन, लष्करात कॅप्टन. वडील जोतिबा निवृत्त सुभेदार, घरचा ऊस. मुले पुण्यात भेटली आणि त्यांनी परस्पर ठरवले. आमच्याकडे थोडी कुजबूज झाली. त्यांच्याकडे जास्त झाली, कारण माणसे जास्त. मुलाच्या आईचा, मनुबाईंचा, होकार सर्वांत शेवटी आला, आणि तोही "बघू" अशा शब्दांत. विनोदिनी असती तर तिने हे सगळे एका दुपारच्या चहात निभावले असते. आता ते माझ्यावर होते, आणि मी लग्न होईपर्यंत काहीही बिघडवायचे नाही एवढेच ठरवले होते.

सहा महिने साइटवर कोणी काही पाठवले नव्हते. पहिला मजकूर आपल्याच घरचा जावा, म्हणून मी साताऱ्याला इंटरनेट कॅफेत गेलो. निमंत्रण स्वतः टाईप केले. राजवर्धनचा गणवेशातला फोटो स्कॅन करून जोडला. (ज्ञानदाने तिचा द्यायला नकार दिला होता.) आपल्याकडे कोऱ्या कागदाच्या डोक्यावर जे लिहिल्याशिवाय वाण्याची यादीही सुरू होत नाही, तेच मीही सर्वांत आधी लिहिले.

॥ श्री ॥

बटण दाबले, कंदी पेढे घेतले आणि समाधानाने वाईच्या एसटीत बसलो.

दुसऱ्या दिवशी जोतिबांचा फोन आला. "व्याही, तुमी पलूसला या."

"कधी येऊ?"

"आत्ता निगा. सांगन्यासारकं न्हाई, बगन्यासारकं हाय."

ज्ञानदा सुटीवर घरीच होती. तिने पुण्याला मैत्रिणीला फोन करून साइट बघायला सांगितली, उत्तर ऐकले आणि माझ्याकडे पाहिले. "बाबा," ती म्हणाली, "श्रीच्या दोन्ही बाजूंना काय असतं?"

आम्ही पलूसची एसटी पकडली.

झाले होते ते असे. जोतिबांचा पुतण्या कृष्णात बंगलोरला नोकरीला. त्याने ऑफिसात आमची साइट उघडली. त्याच्या संगणकावर मराठी फाँट नव्हता, त्यामुळे शुभविवाह, मुहूर्त, स्थळ या सगळ्याच्या जागी नुसते किडेमकोडे दिसले. नीट दिसल्या दोनच गोष्टी: काळी चौकट, आणि तीत गणवेशातला राजवर्धन. कृष्णातने आधी साऱ्या पाहुण्यांना फोन केले, आणि मग धीर गोळा करून पलूसला.

तो फोन राजवर्धननेच उचलला. तो रजेवर घरी होता.

"राजू गेला रं!" कृष्णात हुंदके देत म्हणाला.

"कोन राजू?"

"आपला राजू!"

"आरं, मी हितं जेवतोय," राजवर्धन म्हणाला. पण तोवर कवठेमहांकाळच्या पाहुण्यांची जीप निघालेली होती.

आम्ही पोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलेले. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून आलेल्या प्रत्येकाने पिठलं-भाकरी बांधून आणली होती, आणि आता ती वाया जाऊ नये म्हणून राजवर्धनसह सगळे जेवत होते. मनुबाई मात्र खांबाला टेकून बसल्या होत्या. पुढ्यातले ताट तसेच होते.

"आवं व्याही," त्या म्हणाल्या, "जित्या मानसाला चौकट घालत्यात व्हय? माजं पोरगं सरहद्दीवर असतंय. फोन वाजला की माजं काळीज हातात येतंय. आन् तुमी बसल्या जागी त्याला फोटोत घातला?"

"तो संगणकाचा नियम आहे," मी सुरू केले. "दोन उभ्या रेघा आल्या, की..."

"ह्यो नियम कुनी केला?" जोतिबांनी विचारले.

"मी."

"आन् रेघा कुनी वडल्या?"

"त्याही मीच."

"सुभेदारकीत आसला मानूस मी एकदाच बगितलेला," जोतिबा शांतपणे म्हणाले. "त्यानं सुरुंग सोता पेरला आन् सोताच त्याच्यावर पाय दिला."

मनुबाईंनी पदराने डोळे पुसले. "मला ह्यो शकुन बरा दिसत न्हाई. लगीन थांबवा."

ज्ञानदाचा चेहरा मी पाहिला. एरवी ती रडत नाही. आईच्या वेळीही माझ्यासमोर रडली नव्हती. राजवर्धन भाकरी खाली ठेवून उठला. मी तोंड उघडले. पण माझ्याजवळ जे काही सांगण्यासारखे होते ते सगळे रेघांबद्दलच होते.

तेवढ्यात आतल्या खोलीतून जोतिबांच्या आई, धोंडुबाई, बाहेर आल्या. त्यांना कमी ऐकू येई. बातमी त्यांना नुकतीच पोचली असावी.

"कशापायी रडतीस गं मने?" त्या ओरडून म्हणाल्या. "मेल्याची खोटी आवई उठली की आविष्य वाडतंय! तुज्या सासऱ्याची दोन डाव उठलेली. नव्वदीला टेकल्याबिगर हालला न्हाई!"

अंगणात एकदम गलका झाला. कोणाच्या चुलत्याची आवई उठली होती, कोणाच्या मेव्हण्याची. सगळे म्हातारे होऊन गेले होते. मनुबाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी ताट पुढे ओढले.

"किती लांब गेली आसंल ही आवई?" त्यांनी मला विचारले.

"अमेरिकेपर्यंत," मी म्हणालो.

"मंग लय वाडलं आसंल," त्या म्हणाल्या आणि जेवू लागल्या. दोन घास झाल्यावर म्हणाल्या, "व्याही, तुमचाबी फोटो घाला की चौकटीत. पोरीला आई न्हाई. बाप तरी ऱ्हाऊ दे लांबपतोर."

परतीच्या एसटीत मी ज्ञानदाला म्हणालो, "त्या म्हणतात तर घालून टाकू."

"मी नाही घालणार," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "घरात एक चौकट पुरे आहे."

म्हणून ते मीच केले. ज्ञानदाने नियम बदलण्याच्या आत मी साताऱ्याला जाऊन फोटो स्कॅन केला, दोन उभ्या रेघा ओढल्या, खाली माझे नाव लिहिले आणि बटण दाबले. एक दिवसच साइटवर ठेवायचे असे ठरवले होते. विहीणबाईंचा शब्द राहिला, पोरीचे लग्न वाचले; एवढ्यासाठी एक दिवस मरायला माझी हरकत नव्हती.

लग्न सांगलीला झाले, थाटात झाले. पलूसचे सगळे आले. कृष्णात बंगलोरहून आला आणि राजवर्धनला हात लावून बघत राहिला. आमच्याकडून मात्र वाईतले तेवढे होते. एक सोडला तर बाहेरगावचा कोणी सभासद आला नाही; त्या एका दिवसात साऱ्यांनी चौकट पाहिली होती. मुलीचे वडील गेले, म्हणजे घरात सुतक, म्हणजे लग्न पुढे गेले असणार, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

एकटे मस्कतचे सभासद आले. मी त्यांना कधी पाहिले नव्हते. सांगली त्यांची सासुरवाडी. बापाविना मुलीचे लग्न कसे होतेय ते बघावे, म्हणून डोकावले होते. हातात मोठा हार होता.

"फोटो कुठे मांडलाय?" त्यांनी हळू आवाजात विचारले.

"कोणाचा?"

"मुलीच्या वडिलांचा."

"तो मीच," मी म्हणालो. "मी आहे. ती चूक होती, म्हणजे चूक नव्हती, पण..."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत सावकाश न्याहाळले. हार दुसऱ्या हातात घेतला.

"असं होय," ते म्हणाले. "फोटोत जरा तरतरीत दिसत होता."