पाय गेले, काळजी राहिली

यांगोनाला, म्हणजे आमच्या बेटांवर मुळी कुटून करतात त्या पेयाला, घाबरायचं काही कारण नाही, हे मी समारंभाच्या आदल्या रात्री नवऱ्याला, आमच्या एमोसीला, चांगलं पटवून दिलं होतं. मी सुवाच्या कॉलेजात जीवरसायन शिकले आहे. मला माहीत नसेल तर कोणाला?

"हे बघ," मी म्हटलं, "दारू थेट माडीवर चढते. मेंदूत जाऊन भांडीकुंडी फोडते. यांगोना तळमजल्यावरच बसते. जिभेच्या नसांची दारं लावून घेते, स्नायूंना सैल सोडते. म्हणून ओठ बधिर होतात, पाय जड होतात. डोकं मात्र लख्ख!"

"आणि काळजी? काळजी जाते म्हणतात," नवरा म्हणाला.

"तीही जाते."

"मग तू उद्या पीच!" असं म्हणून तो कुशीवर वळला.

आता माझ्या काळजीविषयी. आमची इनिसे अजून चालत नव्हती, रांगत होती, आणि रांगताना वाटेत जे येईल ते तोंडात घालत होती. खडा, चप्पल, पाल. हो, पाल! शेपूट सोडून पळाली म्हणून वाचली. बाळाच्या घशात काही अडकलं तर काय काय करायचं ते मी पाठ केलं होतं. झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

आणि आम्ही आलो होतो कंदाव बेटावर, माझ्या माहेरच्या गावी, लेकीचं तोंड दाखवायला. सासरच्या माणसांनी बाळाला वाजतगाजत आईच्या गावी न्यायचं, देवमाशाचा दात पुढे ठेवायचा, चटया द्यायच्या, की मग ते लेकरू त्या गावाचं हक्काचं भाचरू होतं. एवढ्या लोकांत, एवढ्या वस्तूंत रांगती इनिसे! सकाळपासून माझ्या घशाखाली घास उतरला नाही.

"केलेरा, दोन घास खा गं," सासूबाई म्हणाल्या. "रिकाम्या पोटी यांगोना चढते."

"आई, ती डोक्यात चढतच नाही," मी म्हटलं आणि त्यांनाही तळमजला समजावून सांगितला.

"बरं बाई," त्या म्हणाल्या. या 'बरं बाई'चा अर्थ कळायला लग्न होऊन बरीच वर्षं जावी लागतात.

सभाघरात सगळे चटयांवर मांडी घालून बसले. समोर गावप्रमुख. त्यांच्यासमोर तानोआ, म्हणजे यांगोना कालवायची लाकडी परात. तिला काथ्याची दोरी बांधलेली, दोरीला पांढऱ्या कवड्या, आणि दोरीचं टोक थेट प्रमुखांच्या दिशेला. ही दोरी मांडली की कोणी उठत नाही, कोणी ओलांडत नाही. कोणाला शिंक आलीच तर तो आधी चारदा विचार करतो. इनिसे सासूबाईंच्या मांडीवर, माझ्यापासून लांब. मला दिसलं काय, तर फक्त कवड्या. छोट्या, गुळगुळीत, बरोब्बर घशाच्या मापाच्या!

पाळी माझ्यापर्यंत आली. माझे आपोरोसा काका करवंटीची वाटी घेऊन पुढे झाले.

"काय पोरी, भरती की ओहोटी?"

म्हणजे पूर्ण की अर्धी. शहाण्या माणसाने ओहोटी म्हणावं.

"भरती!" मी म्हणाले.

टाळी वाजवली, एका दमात वाटी रिकामी केली. चव चिखलात भिजवलेल्या मिरीसारखी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. डोकं लख्ख! एमोसीकडे मी विजयी नजरेने पाहिलं.

मग ओठ गेले. म्हणजे होते, पण माझे नव्हते, शेजारणीने ठेवायला दिल्यासारखे वाटत होते. इथेच मला आठवलं की मी ज्यावरून गणित मांडलं होतं ती सुवाच्या बाजारातली पूड. ही कंदावची मुळी, काकांनी सकाळीच उपटलेली!

"सुवाला शिकलेली पोर, पण कशी प्याली बघा!" काका खूश झाले. "आणखी एक!"

मला 'नको' म्हणायचं होतं. जीभ हलली नाही. मी मान खाली घातली.

"किती नम्र!" मागून एक बाई म्हणाली. "शिकलेली वाटतच नाही!"

या नम्रतेबद्दल तिसरी वाटी मिळाली. तीही भरतीची.

आता कमरेखाली कोणी राहत नव्हतं. पायांना निरोप धाडावा तर घराला कुलूप. आणि माडीवर? माडीवर सगळे दिवे चालू! काळजी तर जिना उतरायलाच तयार नव्हती. उलट स्वच्छ, धुतलेल्या काचेसारखी दिसत होती. आणि त्या काचेतून मला दिसलं की सासूबाई शेजारणीशी गप्पांत गुंगल्या आहेत, मांडी रिकामी आहे, आणि इनिसे दोरीजवळ प्रमुखांच्या गुडघ्याशी बसली आहे. गाल फुगलेला. ओठांतून काहीतरी पांढरं डोकावतंय.

कवडी!

मी ओरडले. म्हणजे ओरडायचं ठरवलं. "ह्वॅ" असा आवाज आला. एमोसीने माझ्याकडे बघून प्रेमाने मान डोलावली. मी उठायला गेले. उठलं फक्त मन.

मग मी पालथी पडले आणि कोपरांवर सरपटत निघाले.

मोठ्यांच्या पुढून जाताना आमच्यात वाकून, जमल्यास गुडघ्यांवर जातात. पण पोटावर? असा मान कोणी कोणाला दिला नव्हता!

"आजीच्या काळी असं जात असत," एक म्हातारे गहिवरून कुजबुजले. नसत जात. पण आता जाऊ लागले.

"अगं, एवढं नको," वाटेत एमोसी पुटपुटला. "माझे लोक आता काय करून दाखवतील?"

मी त्याच्या मांडीला चावले असते, पण दातही बधिर होते.

दोरी न ओलांडता मी तिच्या कडेकडेने सरकत राहिले. इनिसेचं तोंड हलत होतं. मग थांबलं. पाठ केलेलं सगळं आठवत होतं, शब्दन् शब्द. करायला मात्र फक्त दोन कोपरं. शेवटचा हातभर मी नुसती हनुवटीच्या जोरावर गेले असेन. प्रमुखांच्या पायाशी पोचले, हात लांब केला आणि लेकीच्या तोंडात बोट घातलं.

खोबरं.

खोबऱ्याचा मऊ, चघळून चघळून भुगा झालेला तुकडा!

"मीच दिला," प्रमुख हसून म्हणाले. "कवड्यांकडे हात नेत होती. म्हटलं, हे घे. माझी नजर आहे हो तिच्यावर."

मी तिथेच गाल टेकला. रडले, पण चेहऱ्याला ते कळलंच नाही.

आणि इनिसेने, माझ्या हातातून सुटून, प्रमुखांचा गुडघा धरला. उभी राहिली. गुडघा सोडला. डुलली. आणि माझ्या पाठीला वळसा घालून तुरुतुरु आजीकडे चालत गेली!

"चालली! चालली!" मानपान विसरून सगळं सभाघर ओरडलं. आयुष्यातली पहिली पावलं! मला दिसले ते फक्त तिचे तळवे, अगदी नाकासमोरून जाताना.

सासूबाईंनी तिला कडेवर घेतलं, मग चटईवर पसरलेल्या माझ्याकडे बघितलं.

"बरं बाई," त्या म्हणाल्या. "घरात एक तरी चालती झाली."

प्रमुखांनी भाषणात सांगितलं, की गावातल्या मुलींनी केलेराकडून शिकावं. शिक्षण घ्यावं, पण जमीन सोडू नये. मी खरं सांगणारच होते. पण जीभ ताळ्यावर यायला संध्याकाळ झाली, आणि तोवर काकांनी मला चटईसकट उचलून घरी नेलं होतं आणि मी गावाचा आदर्श झाले होते.

दारूचं निदान एक बरं असतं, दुसऱ्या दिवशी काही आठवत नाही. माझं डोकं मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत लख्ख होतं!