देवरे सरांचा उरलेला विषय

देवरे सरांनी आमच्या अमळनेरच्या कॉलेजात बावीस वर्षं वीज आणि चुंबकत्व शिकवलं, आणि या बावीस वर्षांत कुणीही विचारलं तरी सांगायचे, "विषय अजून उना नही, भाऊ." उना नही म्हणजे आलेला नाही. एसटीची वाट पाहावी तशी ते विषयाची वाट पाहत.

मी त्यांच्याच विभागातला, वयाने धाकटा. मला एम.एस्सी. होताच सगळं आलं होतं. सरांचं तसं नव्हतं. यांत्रिकी त्यांना चाळिसाव्या वर्षी आली; त्या दिवशी त्यांनी स्टाफरूममध्ये जिलेबी वाटली. प्रकाशशास्त्र आलं तेव्हा जिलेबीसोबत फाफडाही होता. प्राचार्यांना वाटलं, सरांना नात झाली.

"विषय आला हे कळतं कसं, सर?" मी एकदा विचारलं.

"पुस्तक मिटून सगळं मांडता आलं, तर निम्मा आला. गणित करायच्या आधीच उत्तराचा अंदाज बरोबर निघाला, तर पाऊण."

"आणि उरलेला पाव?"

सर हजेरीपट उचलून तासाला निघाले.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत म्हणाले, "पहूरला येतो का? मनीषाकडे जायचंय, उरलेल्या पावासाठी."

मनीषा आमची जुनी विद्यार्थिनी. तिने वर्गात विचारलं होतं, वीज साठवणारा एक भरलेला कपॅसिटर तेवढ्याच रिकाम्या कपॅसिटरला जोडला की निम्मी ऊर्जा कमी होते. तारेला तापवणारा रोधच नसेल, तर ती जाते कुठे? सर उखडले होते. "परीक्षेत येत नाही. बस खाली."

बसमध्ये सर खिडकीकडे पाहत म्हणाले, "मला उत्तर माहीत नव्हतं, म्हणून राग आला. नंतर ती वर्षभर वर्गात बोललीच नाही."

पहूरला मनीषाचं शिवणकामाचं दुकान आहे. सरांनी पाणीही न घेता तिचा कापडावर खुणा करायचा खडू उचलला आणि टेबलावर दोन कपॅसिटर काढले. ऊर्जा तारेत हेलकावे खाते, लहरी होऊन हळूहळू बाहेर निघून जाते, हे त्यांनी सावकाश समजावलं.

मनीषा रेघांकडे पाहत राहिली. "मला वाटायचं, माझा प्रश्नच वेडगळ होता."

"प्रश्न बरोबर होता, पोरी. मी चुकलो."

तिने अर्धवट कापलेला ब्लाउज बाजूला सारला आणि सरांसाठी स्टूल ओढलं. "मग अजून एक विचारू, सर?"

परतीच्या बसला दहा मिनिटं होती. मी घड्याळ दाखवलं. सर स्टुलावर बसले आणि म्हणाले, "विचार."