परबकाकूंचा हरी हर

फेब्रुवारीत लालबागला पंखा पाचावर ठेवूनही घाम थांबत नाही. अशा दुपारी आमच्या शेजारच्या परबकाकू निळा लोकरीचा स्वेटर आणि माकडटोपी घालून टीव्हीसमोर बसलेल्या असतात. पंखा अर्थातच फुल. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ती पोरं थंय बर्फात मरतत, नि आपण गाऊन घालून बघूचा? बरा दिसता काय?"

काकूंना हिवाळी ऑलिंपिकचं वेड आहे. क्रिकेटचा सामना चालू असला की त्यांना झोप येते, पण बर्फावरून कोणी घसरणार असेल तर त्या दुपारची कामं सकाळीच उरकतात. प्रत्येक खेळाला त्यांनी आपलं नाव दिलंय. पायाला फळ्या बांधून डोंगरावरून उडी मारतात तो 'उडाणटप्पू'. दोन माणसं एकमेकांवर उताणी झोपून घसरगाडीवरून जातात, तिचं नाव 'वरचा-खालचा'. बर्फावर नाचणारी मुलगी हवेत गिरकी घ्यायला लागली की काकू डोळे मिटतात आणि मला विचारतात, "पडली?" नाही म्हटलं की उघडतात. त्यामुळे इतक्या वर्षांत त्यांनी एकही गिरकी पाहिलेली नाही.

मी घरून काम करायचे. आमच्या खोलीत बाबांचे फोन आणि आईचा मिक्सर, म्हणून लॅपटॉप घेऊन काकूंकडे जाऊन बसायचे. काकू एकट्याच. परबकाका जाऊन बराच काळ झाला आणि मुलगा मंदार कॅनडात. त्या बोलायच्या, मी ऐकायचे. मला फारसं बोलता येत नाही आणि त्यांना ऐकून घेणारं माणूस लागतं, त्यामुळे आमचं जमतं.

चाळीत मात्र काकू वेगळ्याच गोष्टीसाठी प्रसिद्ध आहेत. घरातलं माणूस बाहेरगावी निघालं की त्याच्या पाठीवर केर काढायचा नसतो, हे सगळ्यांनाच माहीत असतं. बाकीचे लोक घटकाभर थांबतात आणि झाडू हातात घेतात. काकूंना हे मान्य नाही. त्यांच्या मते माणूस पोचेपर्यंत थांबायचं. पलीकडच्या खोलीतले बांदेकरकाका सासुरवाडीला ठाण्याला जरी गेले, तरी गॅलरीत झाडूचा आवाज आला की काकू दारात उभ्या. "कोण गेलो? पोचलो काय?" मग बांदेकरकाकू मुकाट्याने मोबाईल काढून दाखवतात. एकदा बांदेकरकाका पोचल्याचं कळवायला विसरले, तर संध्याकाळी दिवेलागणीला त्यांच्या दारात शेंगांची टरफलं तशीच पडलेली होती. आल्यावर त्यांना दोन्ही काकूंनी मिळून झापलं.

अशा बाईला कर्लिंग हा खेळ सापडला, यात नशिबाचाच हात असणार.

मागच्या हिवाळी ऑलिंपिकला त्या मला हाका मारत गॅलरीत आल्या होत्या. मी जाऊन पाहिलं तर टीव्हीवर एक माणूस गुडघ्यावर बसून बर्फावरून गोल दगड सोडत होता आणि दोन जण दगडाच्या पुढे वेड्यासारखे झाडत सुटले होते. "जातं गो," काकू म्हणाल्या. खरंच, खुंटा लावलेली जात्याची वरची तळीच वाटत होती ती. पुढचा बर्फ घासला की दगड लांब जातो आणि सरळ जातो, असं मी वाचून सांगितलं. काकू टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे हे पाठीवर झाडणत नाय. पुढ्यात झाडतत." त्या दिवसापासून बाकी सगळे खेळ दुय्यम झाले.

झाडू म्हणजे लक्ष्मी, त्यामुळे एखाद्या खेळाडूचा बूट झाडूला लागला की काकू इथून त्याच्या वतीने नमस्कार करतात. दगड वाटेत अडणार असं वाटलं की कोपऱ्यातला झाडू घेऊन टीव्हीसमोरची लादी घासतात. दगड पुढे सरकला तर श्रेय अर्धं अर्धं.

आणि हरी हर. त्या खेळात कप्तान आपल्या झाडणाऱ्यांना जिवाच्या आकांताने ओरडून सांगत असतो, 'हरी! हार्ड!' म्हणजे लवकर, जोर लावून. काकूंनी पहिल्यांदा ऐकलं आणि हात जोडले. "बघ, गोरे असान हरिहराचा नाव घेतत." मी इंग्रजी शाळेतली. मला ते लख्ख ऐकू येत होतं. पण काकूंचा चेहरा असा उजळला होता की मी लॅपटॉपमध्ये मान घातली. पुढे बांदेकरकाका सामना बघायला यायला लागले, मग त्यांची सून, मग वरच्या मजल्यावरचे दोघे-तिघे. यंदा तर दगड सुटला की अख्खी खोली टाळ्यांच्या ठेक्यावर "हरी हर, हरी हर" म्हणायची. बांदेकरकाका त्यात मृदंगाचे बोलसुद्धा घालायचे. एवढ्या लोकांसमोर उच्चार सुधारायचं धाडस माझ्यात नव्हतं.

यंदाचे सामने चालू असतानाच मला स्कॉटलंडमधली नोकरी मिळाली. घरी सांगितलं, मामाला सांगितलं, काकूंना सांगवेना. रोज लॅपटॉप घेऊन जायचे, रोज सामना रंगात असायचा, रोज उद्यावर ढकलायचे. शेवटी एका दुपारी जाहिराती लागल्या तेव्हा सांगून टाकलं. काकूंनी टोपी कानावरून वर केली.

"थंय बर्फ पडता?"

"पडतो."

"बरा," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या. जाहिराती संपल्या, दगड सुटला, तरी आतून हरी हर आला नाही.

दुसऱ्या दिवशी गेले तर टीव्ही चालू होता, पण स्वेटर खुंटीवर. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, आज थंडी वाजत नाही. समोर त्यांचे आवडते जात्यावाले हरत होते आणि झाडू कोपऱ्यात तसाच होता. मला काहीतरी बोलायला हवं होतं. नेमकं ज्या क्षणी गप्प बसावं, त्या क्षणी मला बोलायचं सुचतं. मी म्हणाले, "काकू, ते लोक हरी हर नाही म्हणत. मी इतकी वर्षं सांगितलं नाही."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, आणि चक्क हसल्या.

"माका इंग्लिश येना नाय, असा वाटला तुका? घाई कर, असा म्हणतत ते. मंदारान माका कधीच सांगल्यान."

"मग तुम्ही हरी हर का म्हणता?"

त्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. "जाणाऱ्या माणसाक घाई कर म्हणतत काय गो? मंदार गेलो तेव्हा मीच म्हटलंय, चल, आटप, टॅक्सी थांबली हा." त्यांनी रिमोट मांडीवर ठेवला. "तो आटपलो नि गेलो."

मंदारचा फोन रविवारी येतो. मी भिंतीपलीकडून कितीदा ऐकलाय. काकू जेमतेम जेवणापर्यंत पोचतात, तोवर त्याला कुठेतरी निघायचं असतं. मंदारच्या अंगावर पडतो तो बर्फ कसा असतो, हे बघायला त्यांनी पहिल्यांदा हे सामने लावले होते. हेही त्यांनी त्या दुपारीच सांगितलं, आवाज बारीक असताना. मग आवाज मोठा केला आणि जात्यावाल्यांना मालवणीत दोन शिव्या घातल्या. मला बरं वाटलं.

मी निघाले ती मार्चमधली सकाळ. आईने हातावर दही दिलं, बाबांनी पासपोर्ट पुन्हा एकदा तपासला. बॅग ओढत मी दाराबाहेर आले, तर समोर परबकाकू. निळा स्वेटर, माकडटोपी, हातात झाडू. त्यांच्या शेजारी बांदेकरकाका, लुंगी खोचून, दुसरा झाडू घेऊन. दगडाला झाडणारे दोन लागतात.

"काकू, काय करताय?" मी हळूच म्हणाले. चाळीची दारं उघडायला लागली होती.

"तू फक्त चाल," काकू म्हणाल्या. "थांबू नको नि धावू नको."

आणि दोघं वाकून झाडायला लागले. गॅलरीतल्या चपला इकडेतिकडे उडाल्या, कोणाचं मांजर पळालं, बांदेकरकाकांनी वाटेतली कुंडी पायाने सरकवली. मागून माझ्या बॅगेची चाकं लादीवर घरघरत होती, अगदी टीव्हीवरच्या दगडासारखी. दारादारातून टाळ्या आणि हरी हर. एरवी मी गॅलरीतून भिंतीला धरून जाणारी मुलगी. त्या सकाळी मधोमध, सरळ रेषेत गेले. दुसरीकडे जायला जागाच ठेवली नव्हती त्यांनी.

जिन्याशी आल्यावर काकू थांबल्या आणि कंबर धरून सरळ झाल्या. घामाने स्वेटर काळा पडला होता. बाकीचे जोरात म्हणत होते, पण काकूंचा हरी हर इतका हळू आला की तो फक्त मला ऐकू आला. वळणावर मी वर पाहिलं. झाडू त्यांनी पाठीमागे धरला होता.

उतरल्यावर विमानतळावर फोन चालू केला. आईबाबांना पोचल्याचं कळवलं. मग काकूंना लिहिलं, "पोचले. आता झाडा."

त्यांना टाइप करायचा कंटाळा. बऱ्याच वेळाने आवाजच आला, मागे पंखा फुल.

"मगे झाडतंय," काकू म्हणत होत्या. "घाई नाय."